पायपेटीची दुरुस्ती, भवानी पेठ : अडीच महिने लागले, पण पेटी बोलली

आमच्या घरची पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारून वाजवायची हार्मोनियम, मे महिन्याच्या शेवटी दुरुस्तीला दिली होती. ती ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात घरी आली. ज्यांच्या माळ्यावर, जिन्याखाली किंवा चर्चच्या कोठीत अशी एखादी जुनी पेटी पडून आहे आणि आता भंगारात द्यावी असं ज्यांच्या मनात येतंय, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते आहे. देऊ नका. आधी एकदा इथे दाखवा.

दुकान भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या अंगाला, एका वखारीला चिकटून आहे. पाटी नाही. मिस्त्रींनी मला स्वतः सांगितलं, "सिस्टर, नाव-नंबर कुठे टाकू नका, हातातलीच कामं उरकत नाहीत." म्हणून टाकत नाही. वखारीत कुणालाही "पेटीवाले मिस्त्री" विचारलं की बोट दाखवतात. दुपारी एक ते चार बंद. चारचाकी गल्लीत शिरत नाही, टेम्पो बाहेर उभा करून पेटी दोघांनी उचलून न्यावी लागते. मला ते सिस्टर म्हणतात कारण मी प्रसूतिगृहात 31 वर्षं परिचारिका होते. पहिल्याच दिवशी बोलता बोलता निघालं.

आता पेटीबद्दल. ही घडीची पायपेटी आहे. मिटली की लोखंडी कड्यांची पेटारी दिसते, उघडून पाय लावले की उभी राहते. खाली दोन पेडल, वर 49 पट्ट्या. आजोबांनी ती मायदेशी परत निघालेल्या एका मिशनरी बाईंकडून जुनीच विकत घेतली होती. आजी वाजवायची. रविवारी उपासनेत आणि एरवी संध्याकाळी घरी. टिळकांची भजनं, म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांची, मी या पेटीच्या पायाशी बसून शिकले. पुण्यात नुसतं "टिळक" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दुसरे टिळक येतात, म्हणून आमच्या घरी कायम "आपले टिळक" असं म्हणायची पद्धत होती.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं. आजी-आजोबा, आई-वडील तेव्हा नदीजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. पाणी येतंय म्हणताना आजोबांनी पेटी मिटून माळ्यावर चढवली आणि सगळे जीव घेऊन निघाले. पाणी माळ्यापर्यंत चढलं. परत आले तेव्हा माळ्याची फळी एका बाजूला कलली होती आणि पेटी वीतभर पाण्यात भिजलेली होती. गाळ वाळल्यावर तिच्या अंगावर एक काळपट तिरकी रेघ राहिली. आईला तेव्हा दिवस गेले होते, तिसरा महिना चालू होता. मी पुढच्या जानेवारीत जन्मले. लहानपणी आई मला त्या रेघेवर बोट ठेवायला लावून सांगायची, "इथवर पाणी होतं, आणि तू माझ्या पोटात होतीस."

आजोबांनी पेटी सावलीत महिनाभर वाळवली आणि ती परत वाजली. आजीच्या मागे आई वाजवायची. आई गेल्यावर कुणी फारसं वाजवलं नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी ती एका दुकानात दुरुस्तीला दिली होती. तिथे जे झालं त्याचं मला अजून वाईट वाटतं. भात्याचं कातडं फाटलं होतं, त्यावर त्यांनी रेक्झीनचे तुकडे रबरी गोंदाने डकवले. दोन सूर उतरवायचे म्हणून पितळी जिभांच्या टोकांवर डाख देऊन चक्क गोळे बसवले. वर्षभरात पेटी पुन्हा मुकी झाली. नंतर आणखी एकाने येऊन बघितलं आणि म्हणाला, "यात काही राहिलं नाही, वर काच टाका, छान टीपॉय होईल." त्या दिवसापासून पेटीवर चादर घालून ठेवली होती.

या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी पेटीला हातच लावला नाही म्हटलं तरी चालेल. "तुम्ही भाता भरा," म्हणाले. मी पेडल मारले. आतून जो आवाज आला तो सूर नव्हताच, दम लागलेल्या माणसाचा श्वास होता. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि मग बोटाने तीन जागा दाखवल्या, इथून, इथून आणि इथून हवा जातेय. उघडल्यावर गळती बरोबर त्या तीन ठिकाणी निघाली.

सूर काढायचं काम मी समोर बसून पाहिलं. एक बारीक आकडा घालून त्यांनी पितळी सूर खाचेतून ओढून काढला. दारातून येणाऱ्या उजेडासमोर धरला. चौकटीत एक पातळ जीभ, एका टोकाला रिव्हेटने पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी, आणि दोन्हींमध्ये केसाएवढी फट. त्या फटीत काहीतरी अडकलेलं होतं. त्यांनी दाढीच्या पात्याचं टोक अलगद जिभेखालून फिरवलं, नखाने टिचकी मारली, तोंडाजवळ धरून हवा ओढली, आणि कितीतरी वर्षं गप्प असलेला तो सूर स्वच्छ बोलला. पाच सूर मुके होते. त्यातले तीन निव्वळ धुळीने बंद होते. मी विचारलं, "म्हणजे बिघाड काहीच नव्हता?" ते म्हणाले, "सूर मेलेला नव्हता. त्याला हलायला जागा नव्हती." चौथ्याची जीभ मुळाशी चिरली होती, ती बदलावी लागली. पाचव्यावर त्या डाखाच्या गोळ्यांपैकी एक होता. तो उतरवून, मग कानसून, त्याला त्याच्या मूळ जागेवर आणायला त्यांना दीड दिवस लागला. टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो, आणि एकदा घासलेलं पितळ परत येत नाही. म्हणून दोन घासण्यांच्या मध्ये ते हातातलं खाली ठेवून उठत, चहा पीत, मग पुन्हा बसत.

भात्याला मेंढीचं पातळ कातडं घातलं आणि सगळी जोडणी सरसाने केली. मी म्हटलं, आता एवढ्या चांगल्या गोंदाच्या नळ्या मिळतात, सरस कशाला? तर म्हणाले, सरसाला वाफ दिली की तो सुटतो. उद्या कुणाला भाता उघडायचा झाला तर लाकूड न फाटता उघडेल. आधीच्या रबरी गोंदाने निघताना फळीचा पापुद्रा सोबत नेला होता, तो त्यांनी मला हातात देऊन दाखवला. हा माणूस पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याची सोय बघतो. तो दुरुस्ती करणारा अजून जन्मलाही नसेल कदाचित.

इथे मला थोडं विषयांतर करायचं आहे. खरं तर माझ्यासाठी ते विषयांतर नाहीच, याचसाठी मी लिहायला बसले.

आम्ही ख्रिस्ती लोक मेल्यावर "स्वर्गात जातो" असं सगळ्यांना माहीत असतं. आमच्या कितीतरी अंत्यविधींतही तेवढंच बोललं जातं. हे जग म्हणजे धर्मशाळा, आपण वाटसरू, आणि शेवटी हे सगळं जळूनच जायचं आहे. माझ्या वडिलांच्या वेळी कबरीपाशी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्रातला तिसरा अध्याय वाचला, त्यात अग्नी आहे, सृष्टितत्त्वं तापून वितळतील असं आहे. मग म्हणाले, या मातीशी आता आपलं काय काम? वडील माळीकाम मनापासून करणारे होते. त्यांची सगळी गुलाबाची रोपं घरी कुंड्यांत उभी होती. मला ते वाक्य लागलं आणि बरीच वर्षं लागून राहिलं.

पण त्याच अध्यायात, अग्नीच्या आधी, पाण्याची गोष्ट आहे. नोहाच्या काळचं जग पाण्याने बुडून नाश पावलं, असं पेत्र तिथे लिहितो. "नाश पावलं" म्हणतो, आणि तरीही पाणी ओसरल्यावर नोहाने पाय ठेवला तो याच जमिनीवर. कबुतर चोचीत जैतुनाचं पान घेऊन आलं ते याच पृथ्वीवरच्या झाडाचं. देवाने मग करार केला तो एकट्या माणसाशी केला नाही. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात पक्षी, गुरं, रानातली जनावरं, सगळ्यांची नावं आहेत. म्हणजे त्या पाण्यात वाईट बुडालं, मळ बुडाला, पृथ्वी राहिली. पुढच्या अग्नीबद्दलही मी आता तसंच वाचते. रविवार पेठेत सोनार सोनं तापवतो तेव्हा सोनं नाहीसं व्हावं म्हणून तापवत नाही. पेत्राचं वाक्यही अग्नीपाशी संपत नाही. जिथे नीतिमत्त्व वास करतं असं नवं आकाश आणि नवी पृथ्वी यांची आपण वाट पाहतो, असं तो पुढे म्हणतो. आमच्यात असं न मानणारीही पुष्कळ मंडळी आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण पुरातून आलेल्या पेटीशेजारी वाढलेल्या मुलीला हे पटायला फार वेळ लागत नाही.

बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या शेवटी सिंहासनावर बसलेला देव म्हणतो, "पाहा, मी सर्व गोष्टी नवीन करतो." मी हे वाक्य लहानपणापासून पाठ म्हणत आले, पण शब्दांची जागा नीट पाहिली ती फार उशिरा. "सर्व नवीन गोष्टी करतो" असं ते नाही. ज्या आहेत त्याच गोष्टी, आणि त्या नवीन. मूळ ग्रीकमध्ये तिथे "कायनोस" हा शब्द आहे, आणि त्याचा रोख वस्तू नुकतीच तयार झाली याच्यापेक्षा तिच्या नव्या रूपाकडे, नव्या प्रतीकडे आहे, असं आमच्या पाळकसाहेबांनी अभ्यासवर्गात समजावलं होतं. त्याच अध्यायात ते पवित्र नगर वरून खाली उतरतं. आपण वर जाण्याच्या गोष्टी करत राहतो आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर देव खाली, माणसांमध्ये राहायला येतो. पुढे जीवनाच्या पाण्याची नदी आहे, स्फटिकासारखी नितळ. संगम पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो तेव्हा मला ती नदी आठवते, आणि मुठेची मला लाज वाटते तशी आशाही वाटते.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की सगळी सृष्टी आजपर्यंत कण्हते आहे. त्यासाठी त्याने जो शब्द वापरला तो प्रसूतीच्या वेदनांचा आहे, आपण ज्याला वेणा किंवा कळा म्हणतो त्याचा. यावर मी अधिकाराने बोलू शकते. 31 वर्षं मी कण्हणं ऐकलं आहे. मरणाऱ्या माणसाचं कण्हणं हळूहळू विरळ होत जातं, आवाज खाली खाली जातो. बाळंतिणीचं उलट असतं. कळा जवळ जवळ येऊ लागतात, आवाज वाढतो, आणि नवी मुलगी असली ड्युटीवर तर ती घाबरून म्हणते, सिस्टर, ही आता जाते की काय. अनुभवी बाई घाबरत नाही. ती गरम पाणी आणि दुपटी तयार ठेवते. पौलाला जगाचं कण्हणं ऐकू येत नव्हतं असं नाही, त्याने ते खोटंही ठरवलं नाही. त्याने फक्त ते कशाचं आहे ते ओळखलं.

आपल्या टिळकांनाही ते ऐकू येत होतं. शाळेत आपण सगळ्यांनी "केवढे हे क्रौर्य" म्हटली आहे, ती त्यांचीच. बाण लागलेली ती पक्षीण पडत-उठत घरट्याशी पोचते आणि पिल्लांना शेवटचा घास देते. मला वर्गात रडू आलं होतं. फुलांमुलांचे कवी म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखतो त्या माणसाने एका पाखराच्या मरणाला इतकी जागा दिली. त्या पाखराचं काय होणार, हा प्रश्न पोरकट आहे असं मला कधीच वाटलं नाही. बायबलमधला संदेष्टा यशया लांडगा आणि कोकरू एकत्र राहतील म्हणतो, तान्हं मूल नागाच्या बिळापाशी खेळेल म्हणतो. कुणी कुणाला इजा करणार नाही. ही आशा नुसत्या माणसांच्या आत्म्यांपुरती असती तर यशयाला लांडगा आणि नाग यांची गरज पडली नसती.

हे सगळं मी मिस्त्रींना सांगितलं नाही. ते ख्रिस्ती नाहीत आणि मी दुकानात प्रवचन द्यायला जात नव्हते. पण त्या रेघेवरून आमचं बोलणं झालं.

पॉलिशच्या वेळी मी म्हटलं, "ती काळी रेघ तेवढी काढून टाका." ते म्हणाले, "रंधा मारावा लागेल. पाण्याचा डाग आत मुरलाय, दोन सूत लाकूड जाईल. काढायची का?" मी म्हटलं विचार करून सांगते. रिक्षात बसले आणि येशूचा शिष्य थोमा आठवला. येशू मेलेल्यांतून उठल्यावर शिष्यांना दिसला तेव्हा त्याचं शरीर नवं होतं, दारं बंद असताना तो आत आला, आणि तरी हातांत खिळ्यांचे व्रण होते. थोमाला त्याने तेच दाखवले, इथे बोट घाल म्हणाला. कबर रिकामी होती, म्हणजे जुनं शरीर मागे टाकून दिलेलं नव्हतं. तेच उठवलं होतं, व्रणांसकट. माझी सगळी आशा त्या रिकाम्या कबरीवर उभी आहे, मिस्त्रींच्या कसबावर नाही, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. पेटी पुन्हा कधीतरी बिघडेल. पण त्या रेघेवर आईने माझं बोट ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी मी फोन करून सांगितलं, रेघ राहू द्या. "मग पॉलिश त्याच्यावरून बेताने करतो," म्हणाले. आता ती रेघ आधीपेक्षा ठळक दिसते, काळ्यापेक्षा थोडी तपकिरी, आणि हात फिरवला तर लागत नाही.

आणखी एक गोष्ट. पेटी घ्यायला गेले तेव्हा त्यांनी श्रीखंडाचा एक रिकामा डबा माझ्या हातात ठेवला. पेटीच्या पोटात जे जे सापडलं ते सगळं त्यात होतं. एक चोळीचं हुक, दोन टाचण्या, तांब्याचा एक जुना पैसा, पेन्सिलीचा तुकडा, सुकून तांबडी झालेली चाफ्याची पाकळी, आणि आईच्या अक्षरात गीतांचे आकडे लिहिलेली बोटभर चिठ्ठी. उपासना-संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकातले तीन आकडे, खाली रविवारची तारीख, वर्ष नाही. मी तिथेच स्टुलावर बसले. पाच हजारांना जेवू घातल्यावर येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले, काही वाया जाऊ नये म्हणून. त्या वेळी तिथे भाकरी हवी तेवढी निर्माण करणारा स्वतः बसला होता, आणि तरी तुकडे गोळा केले गेले. बारा टोपल्या भरल्या.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. तीन आठवडे सांगून अडीच महिने लावले. पावसात सरस वाळत नाही हे कारण खरं असेल, पण मे महिन्यात पेटी घेतानाच ते सांगता आलं असतं. फोन उचलत नाहीत. मी चार वेळा नुसती चौकशीला गेले. पावती मागितल्यावर वहीच्या पानावर लिहून दिली. एकूण 17,500 रुपये झाले, त्यातले 5,000 आगाऊ. टेम्पोचे जाऊन-येऊन 1,600 वेगळे. स्वस्त नाही. नवा बरा कीबोर्ड याहून कमी पैशांत येतो हे मला माहीत आहे, मुलाने दोनदा सांगितलं. आणि निघताना पेटीची घडी कशी घालायची ते नीट दाखवून घ्या, आम्ही ते विसरलो आणि घरी एका कडीत बोट सापडलं.

सुरांच्या पट्टीबद्दलही आधीच ठरवा. आमची पेटी आजच्या कीबोर्डपेक्षा थोडी चढी आहे. मी म्हटलं, सगळी उतरवून बरोबर करा. मिस्त्रींनी साफ नकार दिला. सगळेच्या सगळे सूर मुळाशी घासावे लागतील, जिभा कमजोर होतील, पेटी तुमची राहणार नाही, असं म्हणाले. तेव्हा मला राग आला होता. पहिल्या रविवारी गायनमंडळाला ती चढी वाटली, दुसऱ्या रविवारी कुणी बोललं नाही. कीबोर्ड मात्र तिच्यासोबत वाजवता येत नाही, हे खरं.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण उशिराचा कापला.

वरच्या सप्तकातली एक काळी पट्टी अजून उशिरा बोलते. दाबली की क्षणभर काही नाही, मग सूर येतो. मी फोनवर ऐकवलं, त्या दिवशी नेमका उचलला होता. म्हणाले, लाकूड ओल धरून आहे, आत्ता हात लावणार नाही, तुळशीच्या लग्नानंतर हवा कोरडी झाली की आणा. मी टेम्पोवाल्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे. तोवर तो सूर जिथे येतो तिथे आम्ही सगळे जरा थांबतो, आणि तो आला की पुढची ओळ घेतो.